शेगडी पेटवू नका: ‘अमेरिकेची थंडी गोव्यात’ या संदेशाला उत्तर

डिचोलीला माझ्या आत्याच्या घरी सध्या बाळंतीण आहे. आतेबहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, बाळ अजून महिन्याचंही नाही. परवा आत्याने फोन केला, “अरे, कोळसे कुठे मिळतील? म्हापशाच्या बाजारात बघशील?” कशाला म्हणून विचारलं तर तिने एक संदेश मला पुढे पाठवला. तिला तो भजनी मंडळाच्या गटातून आला होता. संध्याकाळपर्यंत माझ्याही दोन गटांत तोच येऊन पडला. म्हणून हे लिहितोय, आणि चिडून लिहितोय.

संदेशात थोडक्यात असं म्हटलंय: अमेरिकेच्या मैदानी राज्यांत पडतोय तो खरा बर्फ नाही, रसायन आहे, लायटर लावला तर वितळत नाही, काळा पडतो आणि प्लास्टिकसारखा वास येतो. पृथ्वी सूर्यापासून नेहमीच्या ९ कोटी किलोमीटरऐवजी १५ कोटी किलोमीटरवर गेल्यामुळे ही थंडी आली आहे. आठ दिवसांत ती कोकण-गोव्यात पोचेल, पारा ४ अंशांवर येईल, बर्फ पडेल. तेव्हा लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरांनी रात्री दारं-खिडक्या घट्ट लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवावी आणि मुलांना मधातून चमचाभर ब्रँडी द्यावी. शेवटी नेहमीचं, ‘सगळ्या गटांत पाठवा, एक जीव वाचेल’.

आत्याने हे खरं का मानलं, तेही सांगतो. तिचा मोठा मुलगा अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात असतो. अंगणात गुडघाभर बर्फ, गाडीवर काचेसारखा गोठलेला थर, बर्फाच्या ओझ्याने मोडलेली फांदी, असे फोटो त्यानेच आठवड्यापूर्वी पाठवले होते. फोटो खरे आहेत. तो बर्फ आणि हा संदेश यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मी क्रमाने जात नाही. ज्या मुद्द्याने माणूस मरू शकतो तो आधी घेतो.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची नाही. कुठल्याही थंडीत नाही, कोणी सांगितलं तरी नाही. कोळसा धुमसतो तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखारे लालबुंद झाले, धूर थांबला, म्हणजे आता भीती नाही असं घराघरांत मानलं जातं, आणि तिथेच घात होतो, कारण धूर दिसत नसतानाही हा वायू निघतच असतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरून ठेवतं. श्वास चालू राहतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. जागा माणूस निदान दार उघडायला उठेल. झोपलेला उठत नाही. मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, तान्हं बाळ चाळीस ते साठ, त्यामुळे खोलीतली विषारी हवा बाळाच्या अंगात जास्त वेगाने भिनते.

ही भीती मी उगाच घालत नाही. ज्या अमेरिकेच्या बर्फाचं नाव घेऊन हा संदेश फिरतोय, तिथलाच हिशेब बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तरेकडून आलेल्या ध्रुवीय हवेने टेक्सास गोठवलं, ४५ लाखांहून जास्त घरांची आणि दुकानांची वीज गेली. नंतर तिथल्या राज्य आरोग्य सेवा विभागाने त्या वादळाशी संबंधित प्रत्येक मृत्यूची नोंद तपासली. एकूण २४६ मृत्यू. त्यांतले जवळपास दोन तृतीयांश थंडीने गारठून झाले. आणि १९ मृत्यू कार्बन मोनॉक्साइडने. बाहेर शून्याखालचं तापमान, वीज नाही, हीटर बंद, म्हणून लोकांनी घरात कोळसा पेटवला, जनरेटर आत आणले, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेतली. त्यांच्यावर खरोखर संकट होतं. आपल्याकडे रात्री पंखा एकवर ठेवून झोपणाऱ्या घरात हाच उपाय सुचवला जातोय.

टेक्सास लांबचं वाटत असेल तर दिल्ली घ्या. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या अलीपूर भागात एकाच घरातले चार जण, त्यांत दोन मुलं, बंद खोलीत अंगीठी पेटवून झोपले आणि सकाळी मेलेले सापडले. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात.

“पण बाळंतिणीला शेगडीचा शेक आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो,” हे आत्याचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. माझ्या आजीने बाजेखाली शेगडी ठेवून तिच्या सगळ्या सुनांना शेक दिला, ओवा-बाळंतशोपांची धुरी दिली. मात्र ते घर कुठलं होतं ते आठवा. मंगळुरी कौलं, कौलांच्या फटींतून आत येणारा उजेड, भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा, उघडं दार. शेकही थोडा वेळ, दिवसा, कोणीतरी समोर बसून. काम झालं की शेगडी अंगणात. आज आत्या राहते तो दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, स्लॅबचा, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचा, डास येतात म्हणून सगळं बंद. त्या खोलीत रात्रभर निखारे ठेवणं ही आजीची रीत नव्हे. आजीच्या घरातही दारं लावून रात्रभर शेगडी ठेवली असती तर तेच झालं असतं. आणि खिडकी बोटभर उघडी ठेवून चालेल का, असं विचारू नका. झोपायच्या खोलीत कोळसा नकोच.

बाळाला ऊब हवीच असेल तर टोपडं, पायमोजे, दोन पातळ झबली, वर दुपटं, आणि सगळ्यांत चांगलं म्हणजे आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणं. कमी वजनाच्या बाळांसाठी दवाखान्यात डॉक्टरसुद्धा हेच सांगतात. कोणाच्या घरी शेगडी पेटवलीच असेल आणि घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, तर गोळी घेऊन पडून राहू नका. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा.

ब्रँडीचं दोन ओळींत संपवतो. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंग गरम वाटतं, पण आतली उष्णता उलट बाहेर जाते. लहान मुलांमध्ये ती रक्तातली साखरही खाली आणते. फेणीलाही हेच लागू. वर्षाखालच्या बाळाला मधसुद्धा देऊ नये, त्यातून बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो.

आता त्या ‘रासायनिक’ बर्फाबद्दल. हा दावा जुनाच आहे. २०२१ मध्ये टेक्सासमध्ये बर्फ पडला तेव्हा लायटरचे असेच व्हिडिओ पसरले होते. ताज्या भुसभुशीत बर्फात बहुतेक हवाच असते, साधारण दहा सेंटीमीटर थर वितळवला तर सेंटीमीटरभर पाणी होतं. ज्योत लागते तिथला बर्फ वितळतोच, पण ते पाणी टपकायच्या आधी आतल्या पोकळ्यांत शोषलं जातं, म्हणून वरून बघणाऱ्याला काही झालंच नाही असं वाटतं. शिवाय बर्फ वितळायला उष्णता बरीच लागते. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला ८० कॅलरी, लायटरच्या ज्योतीने ढेकूळ लगेच गळत नाही. काळा डाग ही लायटरच्या गॅसची काजळी, वासही त्याचाच. तान्ह्या बाळासाठी दिव्याच्या ज्योतीवर वाटी धरून काजळ धरणाऱ्या आपल्या बायकांना हे मी शिकवायची गरज नाही. ज्योत थंड पृष्ठभागाला टेकली की काजळी धरते, मग ती वाटी असो की बर्फ. खात्री करायची असेल तर जुन्या फ्रीजमधला भुरभुरीत बर्फ चमच्यावर घ्या आणि मेणबत्ती लावून बघा. किंवा ओक्लाहोमावाल्याला सांगा, बर्फ पातेल्यात घालून घरात ठेव. पाणी होईल.

तो बर्फ तिथे येतो कसा, हे कळलं की तो गोव्यात का येत नाही हेही कळतं. अमेरिकेच्या नकाशावर रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण पसरलेला दिसेल. त्याच्या पूर्वेला कॅनडाच्या उत्तर टोकापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सगळं सपाट, मध्ये आडवा डोंगर नाही. ध्रुवाकडची थंड हवा जड असते, ती जमिनीलगत दक्षिणेकडे घसरत जाते आणि आखातावरून आलेल्या उबदार, दमट हवेला खालून उचलते. ही सीमा म्हणजेच शीत आघाडी. उचललेल्या हवेतून पाऊस पडतो, हिम पडतं. जमिनीलगत गोठणारी हवा आणि वर उबदार थर अशी रचना झाली तर पाऊस पाणी म्हणूनच खाली येतो आणि तारेला, फांदीला, रस्त्याला लागताच बर्फ होतो. आतेभावाच्या फोटोतली फांदी अशीच मोडली.

हे किती झपाट्याने होतं पाहा. ११ नोव्हेंबर १९११ रोजी ओक्लाहोमा सिटीत दिवसा पारा सुमारे २८ अंश सेल्सिअसवर होता आणि मध्यरात्रीच्या आत उणे ८ वर आला. त्या तारखेचा उच्चांक आणि नीचांक, दोन्ही एकाच दिवशी. तिथले लोक अशा थंडीला ‘ब्लू नॉर्दर’ म्हणतात.

आपल्याकडे नेमका आडवा डोंगर आहे, हिमालय. मध्य आशिया आणि सायबेरियातली जड थंड हवा तो बऱ्याच अंशी पलीकडेच अडवतो. म्हणून दिल्लीत हिवाळ्यात कडाका पडतो, पण ओक्लाहोमासारखा बर्फ साचत नाही. आणि अमेरिकेतली हवा थेट ‘इथे पोचणार’ म्हणजे काय? ती अटलांटिकवरून हजारो किलोमीटर जाताना खालच्या पाण्याने तापत जाते, तिचा थंडपणा टिकत नाही. गोवा तर १५ अंश अक्षांशावर, आणि शेजारी अरबी समुद्र, ज्याचं पाणी जानेवारीतही २७ अंशांच्या आसपास असतं. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अशा समुद्राशेजारी पारा ४ अंशांवर येणार, हे लिहिणाऱ्याने एकदा तरी पाण्यात पाय बुडवून बघायचे होते.

एक गोष्ट मान्य करतो. उत्तरेतली थंडी गोव्याला अजिबात लागत नाही, असं नाही. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, उत्तर भारतावरून पुढे गेला की मागून कोरडे उत्तरेचे वारे वाहतात. मग सत्तरीत, वाळपईकडे पहाटे चांगलंच गार होतं, धुकं पडतं, काजूवाल्यांना मोहोराची काळजी लागते. म्हणून ‘यंदा थंडी जास्त वाटते’ हे कोणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण हवामान विभागाच्या निकषात किमान तापमान मैदानी भागात १० अंश आणि किनारपट्टीवर १५ अंश किंवा त्याखाली गेल्याशिवाय थंडीच्या लाटेचा विचारच होत नाही, आणि पणजीत हिवाळ्यातलं किमान २० अंशांच्या आसपास असतं. वेधशाळा आल्तिनोवर आहे, रोजचा अंदाज फुकट मिळतो. भजनी मंडळाच्या गटाच्या आधी तो बघा.

सूर्याचा मुद्दा राहिला. सूर्यापासून पृथ्वीचं अंतर ९ कोटी किलोमीटर कधीच नसतं. ते सरासरी १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे आणि वर्षभरात त्याच्या थोडं अलीकडे-पलीकडे होतं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, म्हणजे ओक्लाहोमात बर्फ पडतो त्याच दिवसांत. सर्वांत दूर जाते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो आणि ओक्लाहोमात उन्हाळा. थंडी आणि उन्हाळा होतो तो पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून, आणि हे आपल्या शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात आकृतीसकट दिलेलं आहे.