अर्धा बटाटा चांगला आहे ना?

बटाटा अर्धा खराब निघाला म्हणून आईनं तो कधी फेकला नाही. सुरीनं काळा भाग काढायचा, उरलेला भाजीत. खाणाऱ्याला पत्ताही लागत नसे.

१९८२ साली इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये एका माणसानं कॉम्प्युटरच्या मेमरीचं नेमकं हेच केलं. माणूस क्लाइव्ह सिंक्लेअर, मशीन त्याचा घरगुती कॉम्प्युटर झेडएक्स स्पेक्ट्रम. ४८ के (म्हणजे किलोबाइट) मॉडेलला १६ के मेमरी आधीच होती, वर ३२ के हवी होती. त्यासाठी यानं आठ चिप्स घेतल्या त्या मुळात ६४ किलोबिटच्या, पण कारखान्याच्या तपासणीत अर्धा भाग निकामी ठरलेल्या. अर्थातच स्वस्त. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून अशा आठ चिप्स पूर्ण चालल्या तर ६४ के, अर्ध्या चालल्या तर ३२. एका मशीनमध्ये सगळ्या चिप्स एकाच बाजूनं चांगल्या असलेल्या बसवायच्या, आणि ती बाजू वरची की खालची हे बोर्डावर एका छोट्या तारेनं जोडून सांगायचं. गिऱ्हाइकाला फसवलं का? अजिबात नाही. ३२ के सांगितली, ३२ के दिली.

२०२१ च्या सप्टेंबरात सिंक्लेअर गेले तेव्हा जो तो त्यांना 'द्रष्टा' म्हणत होता. मला काही ते पटत नाही. माझ्या मते हा माणूस अस्सल चिक्कू होता. हे मी शिवी म्हणून म्हणत नाही. त्याच्या घरगुती कॉम्प्युटरांची अख्खी पिढी चिक्कूपणातून जन्मली, आणि शेवटी बुडालीही त्याच चिक्कूपणानं.

सुरुवात बघा. १९८० चा झेडएक्स ८०: एक के मेमरी, किंमत ९९.९५ पौंड, सुटे भाग घेऊन घरी जोडलात तर ७९.९५. शंभराच्या आत कॉम्प्युटर! बदल्यात काय, तर प्रोसेसर एका वेळी एकच काम करणार. पडद्यावर चित्र दाखवायचं कामही त्याच्याच गळ्यात, म्हणून तो हिशोब करायला लागला की पडदा गुल. नुसतं बटण दाबलं तरी पडदा लुकलुकायचा. पुढच्याच वर्षी झेडएक्स ८१ आला. आधीच्या मशीनमधल्या वीसेक चिप्सच्या जागी चार. अठरा चिप्सचं काम फेरान्टी कंपनीच्या एका खास चिपमध्ये कोंबलं आणि किंमत ६९.९५ पौंडांवर आणली. मेमरी अजून एक केच. जास्त हवी तर मागे १६ के चा डबा लावा. तो डबा इतका सैल बसायचा की टेबलाला धक्का लागला की तासाभराचं टायपिंग साफ. लोक चिकटपट्टी लावून डबा धरून ठेवायचे, आणि तरीही पंधरा लाखांवर मशीन्स खपली.

मग २३ एप्रिल १९८२ ला स्पेक्ट्रम. रंग आले, आवाज आला. १६ के वाला १२५ पौंडांना, ४८ के वाला १७५ ला. बीबीसीनं आपल्या शिक्षणाच्या कार्यक्रमासाठी सिंक्लेअरला डावलून एकॉर्न या कंपनीचं मशीन निवडलं होतं. ते उत्तमच होतं, पण त्याचं मोठं मॉडेल ३९९ पौंडांना. त्या एकॉर्नचा एक संस्थापक ख्रिस करी हा सिंक्लेअरकडेच काम करून बाहेर पडलेला. त्यामुळे ही भाऊबंदकीच म्हणा.

स्पेक्ट्रमच्या कीबोर्डवर जगानं भरपूर विनोद केले. खोडरबरासारखी बटणं, दाबली तरी दाबल्यासारखी वाटत नाहीत. पण त्यावरचा तोडगा मला अजून थक्क करतो. बेसिक या प्रोग्रॅम लिहायच्या भाषेतले शब्द अक्षरं जोडून लिहायचेच नाहीत! पी दाबा, पडद्यावर अख्खा 'प्रिंट' उमटतो. जे दाबा, 'लोड'. एल म्हणजे 'लेट'. टायपिंग वाचलं, चुका कमी झाल्या. एकेका बटणावर पाच-पाच सहा-सहा कामं लिहिलेली, बटण कमी आणि पंचांग जास्त.

हे मला कसं माहीत? भारतात डेसिबेल्स नावाच्या कंपनीनं रीतसर परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' काढला होता. तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझ्या आतेभावाकडे, म्हणजे दादाकडे, आला. आत्याकडे टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. स्पेक्ट्रममध्ये आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात फक्त दोनच रंग मावतात (हीसुद्धा मेमरीची काटकसर), म्हणून दोन रंगांची पात्रं एकमेकांजवळ आली की एकाचा रंग दुसऱ्याला फासला जातो. या दोषावर इंग्रज मुलं किती चिडायची ते मी नंतर वाचलं. आमच्याकडे सगळंच राखाडी, कोणाचा रंग कोणाला लागतोय कशाला कळतंय!

गेम कॅसेटवर. टेपरेकॉर्डर जोडायचा, जे दाबायचं, दोनदा अवतरणचिन्हं, एंटर. मग चार-पाच मिनिटं ती किंचाळी आणि पडद्याच्या कडेला पट्टे. आमच्या टेपरेकॉर्डरचं हेड वाकडं होतं, त्यामुळे दादा हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू पेचकसनं फिरवत आवाज 'धारदार' करायचा. "हलू नकोस, श्वास पण हळू घे," म्हणायचा. आणि चौथ्या मिनिटाला 'आर टेप लोडिंग एरर'. रविवारी सकाळी तर प्रश्नच नव्हता, टीव्ही महाभारताचा.

गंमत अशी की ज्या गेम्सनी स्पेक्ट्रम घराघरात गेला, त्यांचं सिंक्लेअरना फारसं कौतुक नव्हतं. त्यांना 'गंभीर' कॉम्प्युटर विकायचा होता. म्हणून १२ जानेवारी १९८४ ला क्यूएल जाहीर केला, ३९९ पौंडांना. २८ दिवसांत घरपोच म्हणून जाहिरात, आणि मशीन तर अजून पुरतं तयारच नाही. महिने उलटल्यावर पहिली खेप निघाली तेव्हा सिस्टिमचा काही भाग आत मावला नव्हता म्हणून मागे लोंबकळणाऱ्या डब्यात दिलेला. त्यातही फ्लॉपी ड्राइव्हऐवजी मायक्रोड्राइव्ह, म्हणजे इवल्याशा डबीत गोल फिरणारी टेप. इथे काटकसर चुकली असं माझं ठाम मत आहे. शंभर पौंडांच्या खेळण्याला किंचाळणारी कॅसेट चालते. धंद्याच्या हिशोबाला ती चालत नाही. ज्याचा पगारपत्रकाचा डेटा जातो तो टेपचा स्क्रू फिरवत बसत नाही. (पुढे लिनक्स ही सिस्टिम घडवणाऱ्या फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्सनं मात्र क्यूएलवरच हात साफ केला. तेवढी सवलत देतो.)

१९८५ च्या जानेवारीत सिंक्लेअरची बॅटरीवरची तीनचाकी गाडी सी-५ आली आणि आपटली. कंपनीचे पैसे संपले, आणि एप्रिल १९८६ मध्ये अॅमस्ट्रॅड कंपनीच्या अॅलन शुगरनं सगळा कॉम्प्युटर धंदा नावासकट ५० लाख पौंडांना उचलला. शुगर पक्का व्यापारी, द्रष्टेपणाचा आव नाही. त्यानं पहिलं काम काय केलं? स्पेक्ट्रम प्लस टू काढला आणि कॅसेट रेकॉर्डर डब्यातच बसवला! चार वर्षं पोरं वायरी खुपसत होती, ती कटकट एका फटक्यात मिटली. पुढच्या वर्षीच्या प्लस थ्रीला डिस्क ड्राइव्हही दिला. नव्वदीच्या सुरुवातीला हे सगळं बंद पडलं, तोवर स्पेक्ट्रमचा खप पन्नास लाखांच्या घरात पोहोचला होता.

या आकड्यात रशिया नाही. स्पेक्ट्रममध्येही फेरान्टीची खास चिप होती; सोव्हिएत हौशी लोकांनी ती मिळत नाही म्हणून तिचं काम साध्या, बाजारात मिळणाऱ्या चिप्सनी उभं केलं आणि 'लेनिनग्राड', 'पेंटागॉन' अशा नावांनी नकला काढल्या. मूळ मशीनमध्येच भाग इतके थोडे, की नक्कल करणं आवाक्यातलं होतं. सिंक्लेअरना यातून दमडीही मिळाली नाही.

दादाचा डीबी स्पेक्ट्रम अजून माळ्यावर आहे. त्यात अर्ध्या चिप्स आहेत की पूर्ण, हे मला उघडून बघायचंय. गेल्या आठवड्यात पेचकस घेऊनच गेलो होतो. वहिनी म्हणाली, आधी माळा झाडून द्या, मग काय ते उघडा.