वर म्हणजे नक्की कुठे?

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झोप हप्त्याहप्त्यानेच मिळते. अठ्ठावीस आठवडे झाले की कुशीवरच झोपायला लागा, पाठीवर नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं असतं. पालथं झोपण्याचा प्रश्न पोटाने परस्पर निकालात काढलेला असतो. मग पाठीशी एक उशी, पोटाखाली एक, गुडघ्यांच्या मध्ये एक, अशी रचना करून जरा डोळा लागतो न लागतो तोच आतून कुणीतरी नेमकी मूत्राशयावर लाथ घालतं. उठायचं, जाऊन यायचं, उशा परत लावायच्या. हे सगळं पार पाडून एकदाची गाढ झोप लागते आणि मग पोटरीत गोळा येतो.

ज्यांना तो कधी आला नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगते. पोटरीचा स्नायू कुणालाही न विचारता आकसतो आणि हट्टाने आकसलेलाच राहतो. हात लावला तर दगड लागतो. पायाची बोटं आपोआप खाली वळतात आणि तोंडातून जो आवाज निघतो तो आपला आहे हे आपल्यालाच पटत नाही. सगळा खेळ काही सेकंदांचा, फार तर काही मिनिटांचा. पण त्या वेळात घड्याळ चालत नाही, आणि ठणका दुसऱ्या दिवशीही राहतो.

यातला सगळ्यात चीड आणणारा भाग म्हणजे आळस. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, त्यामुळे पोटरीचा स्नायू आधीच आखडून बसलेला असतो. अशात आपण पहाटे अर्धवट झोपेत छान आळोखेपिळोखे देतो, पायाची बोटं लांब ताणतो, आणि स्नायू तिथेच धरतो. त्या दिवसांत फुकट मिळणारी जी एकदोन सुखं उरलेली असतात त्यांतलं हे एक, तेही गेलं. आता मी आळस देते तोसुद्धा टाच पुढे करून, बोटं स्वतःकडे वळवून. त्याला आळस म्हणायचं की कवायत, देव जाणे.

उपाय मात्र अगदी सोपा आहे. गुडघा सरळ करायचा आणि पावलाची बोटं हाताने नडगीकडे ओढायची. स्नायू ताणला गेला की सुटतो. फक्त हा उपाय सांगणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतलेली नाही. नवव्या महिन्यातल्या बाईची बोटं पोटाच्या पलीकडे असतात. मला माझे पाय दिसून किती दिवस झाले होते ते मला आठवत नाही, धरणं तर लांबच. तेव्हा हे काम आपसूक नवऱ्याकडे गेलं.

पहिल्या वेळी मी "आई गं!" म्हणून किंचाळले तेव्हा तो ताडकन उठला, दिवा लावला, हॉस्पिटलची बॅग उचलली आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.

"अरे, पोटात नाही, पोटरीत!"

बॅग खाली ठेवून तो पायाशी आला आणि त्याने मदत म्हणून बोटं जोरात खाली दाबली. म्हणजे अगदी उलट. मी पुन्हा किंचाळले.

"वर! वर ओढ!"

त्याने अख्खा पाय वर उचलला.

"असा नाही! बोटं वर!"

"वर म्हणजे नक्की कुठे? छताकडे?"

"डोक्याकडे!"

"कोणाच्या?"

"माझ्या! तुझं डोकं कुठे चालतंय आत्ता!"

एव्हाना गोळा स्वतःच कंटाळून उतरला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही उजेडात रीतसर तालीम केली. 'वर' आणि 'खाली' हे शब्द बाद, फक्त 'नडगी' म्हणायचं, असं ठरलं. तेव्हापासून मी 'नडगी!' ओरडले की तो डोळे न उघडता पाऊल धरून बरोबर दिशेला ओढतो. कधीकधी पाऊल दुसरंच असतं. म्हणजे उजवा पाय गोळ्याने तळमळतोय आणि डाव्याची यथासांग सेवा चालू आहे.

डॉक्टरांना विचारलं, हे होतं कशाने? त्यांनी वाढलेलं वजन, पायांतलं रक्ताभिसरण, नसांवरचा दाब, क्षारांची कमी अशी बरीच नावं घेतली आणि मग म्हणाल्या, नक्की कारण कुणालाच माहीत नाही. सगळे संशयित मोकळे फिरताहेत तर! रात्री जागीच असल्यामुळे मी वाचन वाढवलं. कोक्रेन या संस्थेने २०२० साली यावरचे आठ छोटे अभ्यास तपासले, मॅग्नेशियम, कॅल्शियम, जीवनसत्त्वं वगैरे, आणि कशाचाच उपयोग खात्रीने सांगता येत नाही असा निष्कर्ष काढला. मला बरं वाटलं. निदान माझ्या ओळखीतल्या प्रत्येकीचा रामबाण उपाय वेगळा का आहे, ते तरी कळलं. गोळ्या मनाने सुरू करायच्या नाहीत, एवढं डॉक्टरांनी बजावलं. आणि एक वाक्य त्या अजिबात न हसता बोलल्या: दुखणं जातच नसेल, एकच पाय सुजला, लाल झाला, गरम लागला, तर चोळत बसायचं नाही, लगेच फोन करायचा. गरोदरपणात रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो आणि ती भानगड वेगळी.

त्यांनीच मग झोपण्यापूर्वीचा व्यायाम शिकवला. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहायचं, तळवे भिंतीला टेकवायचे, एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पुढे झुकायचं. पोटरीला ताण बसला की अर्धा मिनिट तसंच थांबायचं. माझ्या बाबतीत भिंतीला सगळ्यात आधी टेकतं ते पोट, म्हणून मी हातभर नाही, चांगली दीड हात लांब उभी राहते. दिवसभर पाणी नीट प्यायचं, पायाशी पांघरूण घट्ट खोचायचं नाही, हेही पाळते. गोळे थांबले नाहीत, पण कमी झाल्यासारखे वाटतात. भिंतीमुळे की योगायोगाने, ते मी विचारत नाही.

एका रात्री सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि दारातच थबकल्या.

"भिंत ढकलतेस का गं?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मला तर गेली कित्येक वर्षं येतात रात्री गोळे."

"अहो आई, मग कधी बोलला नाहीत ते!"

"बोलून काय करायचं? तुझ्या सासऱ्यांना उठवण्यापेक्षा गोळा परवडला."

आता रोज रात्री आम्ही दोघी शेजारीशेजारी उभ्या राहून भिंत ढकलतो. नवरा पलंगावरून बघत असतो आणि शेजाऱ्यांकडे भिंत पडली तर खर्च कोण देणार, असं विचारतो. त्याच्याकडे दोघी दुर्लक्ष करतो. सासूबाईंना तर वेळच नसतो, कारण त्यांची नजर माझ्या पायावर असते.

"टाच उचलतेयस. टेकव. मोज पहिल्यापासून."