बातोरीचं नाव कोरलंय म्हणून तलवार बातोरीच्या काळातली?

जुनी पोलिश तलवार ओळखायची एक सोपी रीत सध्या जोरात फिरतेय. पात्यावर पोलंडचा राजा स्टेफान बातोरी याचा चेहरा आणि नाव, विळ्याच्या आकाराचे दातेरी ठसे, वर गरुडाच्या डोक्याची मूठ. एवढं दिसलं की तलवार सोळाव्या शतकातली, पंखवाल्या हुसार घोडेस्वाराची आणि अस्सल पोलंडमध्ये घडलेली! यातलं एकही अनुमान टिकत नाही.

आधी राजा. बातोरी गादीवर होता १५७६ ते १५८६. पण त्याच्या नावाची पाती सतराव्या आणि अठराव्या शतकातही कोरली जात होती. लढवय्या राजा म्हणून पोलिश सरदारांमध्ये त्याचा मान टिकून होता. गिऱ्हाईक मागायचं, कारागीर कोरून द्यायचा. अशा तलवारींना तिथे 'बातोरुव्का' म्हणतात. व्हिएन्ना वाचवणाऱ्या यान सोबिएस्की राजाच्या नावाच्याही तशाच निघाल्या. नावावरून फार तर कोरीवकाम त्या राजाच्या आधीचं नाही एवढं ठरतं. खालचं पातं त्याहून जुनंही असू शकतं.

विळ्याचे ठसे मूळचे इटलीतल्या जेनोवाचे मानले जातात. ते चांगल्या पोलादाची खूण ठरले आणि मग सगळ्यांनीच मारले: ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतातल्या लोहारांनी, कॉकेशसमधल्यांनी, हिंदुस्थानातल्यांनीही. त्यावरून गाव कसं सांगणार?

गरुडमुठीच्या तलवारीला करबेला म्हणतात. तिची मूठ उघडी असते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या हुसाराच्या लढाऊ तलवारीला मात्र बोटांपुढे आडवी कमान असे आणि अंगठ्यासाठी कडं. करबेला मुख्यतः मिरवायची; सरदारी पोशाखाबरोबर ती पार एकोणिसाव्या शतकातही कमरेला होती, विशेषतः गालित्सियात, म्हणजे पोलंडच्या ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या भागात. शिवाय ल्वूव शहरातले (आजच्या युक्रेनमधलं ल्विव) आर्मेनियन कारागीर पौर्वात्य धाटणीच्या तलवारी तिथेच घडवत; म्हणजे धाटणीवरूनही गाव ठरत नाही.

खरी गफलत मूठ आणि पातं एकाच वयाचं धरण्यात आहे. मराठ्यांची फिरंग पाहिलेल्याला हे समजवावं लागू नये: पातं युरोपातून आलेलं, मूठ इथली. पोलंडमध्येही चांगलं पातं पिढ्यान्‌पिढ्या चाले, मुठी बदलत. म्हणून दोन्हींचं वय वेगवेगळं काढावं लागतं. म्यानावरचा चांदीचा साजही बघा. त्यावर डायना देवीच्या मस्तकाचा ऑस्ट्रियन सरकारी ठसा निघाला, तर तो ठसा १८६७ पूर्वीचा असूच शकत नाही.