बिल घरी आलं तर भांडता येतं

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, खासगी हॉस्पिटलचे दर सरकारने बांधून द्यावेत की नाही. मामेभाऊ डॉक्टर, तो म्हणतो छोटी हॉस्पिटलं बंद पडतील, काका म्हणतात पडू देत. मधेच कोणीतरी टाकतंच, तुमच्या अमेरिकेत बरंय, सगळं नियमाने.

नियमाने डोंबल! इथे न्यू जर्सीत पोराच्या हनुवटीला खोक पडली, इमर्जन्सीत नेलं, टाके घातले, घरी आलो. बऱ्याच दिवसांनी बिल आलं त्यात कोड 99285, म्हणजे इमर्जन्सीची पाचवी, सगळ्यात वरची लेव्हल, जिवावर बेतलेल्या केसेसची. शिवाय डॉक्टरचं बिल वेगळं, कारण हॉस्पिटल इन्शुरन्सच्या नेटवर्कमधे, म्हणजे कंपनीने ज्यांच्याशी दर ठरवलेत त्या यादीत, पण तिथला डॉक्टर नाही (हे पुण्यातल्या माणसाला समजावताना तोंडाला फेस येतो).

पैसे भरलेच नाहीत. आयटमाइज्ड, म्हणजे एकेका गोष्टीचा वेगळा आकडा असलेलं बिल मागवलं, इन्शुरन्सचं ईओबी, म्हणजे त्यांनी किती मंजूर केलं आणि आपला वाटा किती तो कागद, शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहिली आणि लेखी कळवलं की कोडिंग परत तपासा, तोवर कलेक्शनला, म्हणजे वसुलीवाल्यांकडे पाठवू नका. कोड तिसऱ्या लेव्हलवर उतरला. डॉक्टरच्या जादा बिलाला नो सरप्रायझेस अ‍ॅक्ट दाखवला, 1 जानेवारी 2022 पासून इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरलाही पेशंटकडून नेटवर्कमधल्या वाट्यापेक्षा जास्त घेता येत नाही. रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र त्यातून वगळलीय, का ते विचारू नका.

म्हणजे इथले दर कैक पटीने निर्लज्ज आहेत, पण बिल आलं तेव्हा पोरगं घरात उड्या मारत होतं म्हणून मला भांडता आलं. आईच्या वेळी पुण्यात काय झालं, तर सकाळी डिस्चार्ज सांगितला, टीपीएचं, म्हणजे इन्शुरन्सचे क्लेम बघणाऱ्या मधल्या कंपनीचं अप्रूव्हल येईना, संध्याकाळी बिल हातात आलं, त्यात कन्झ्युमेबल्स (हातमोजे, सिरिंज असलं वापरून टाकायचं सामान) म्हणून एकच ढोबळ आकडा, काय काय वापरलं विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली आधी भरा मग फाइल मिळेल. आई वर कपडे बदलून बसलेली. कोण भांडणार? भरले.

म्हणून मला वाटतं दरांवरचा वाद अर्धवट आहे. दरपत्रक दर्शनी भागात लावायचा नियम महाराष्ट्रात 2021 पासून आहेच, कोण वाचतं? कोविडमधे 2020 साली सरकारने वॉर्डला दिवसाला 4000, आयसीयूला 7500, व्हेंटिलेटरसह 9000 असे दर बांधले, तेव्हाही नुसत्या आकड्यांनी भागलं नाही, बिलं तपासायला ऑडिटर नेमावे लागले. मान्य असलेली रक्कम भरून पेशंटला घरी जाऊ द्या आणि उरलेल्या रकमेचा वाद नंतर बाहेरच्या माणसासमोर लेखी चालू द्या, एवढं आधी करा. पेशंट पैसे बुडवून पळेल म्हणतात, पण अ‍ॅडमिट करतानाच आधार कार्डाची झेरॉक्स आणि डिपॉझिट दोन्ही घेतलेलं असतं ना, मग पळून जाणार कुठे?