पायांचा रंग घटकाभर बाजूला ठेवू: सेरिएमांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लाल पायांचा आणि काळ्या पायांचा सेरिएमा, या दोन दक्षिण अमेरिकी पक्ष्यांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही तीन हरकती घेतल्यात. नुसत्या पायांच्या रंगावरून दोन पक्षी वेगळे काढणं हा संशोधकांचा रिकामा उद्योग. फोटोत पाय गवतात बुडाले की ओळख संपली. आणि माळढोक किंवा आफ्रिकेतल्या सेक्रेटरी पक्ष्यासारख्या दिसणाऱ्या या पाखराला पोपटांचा नातलग म्हणणं ही निव्वळ सनसनाटी. वर ‘कावळा-डोमकावळा ओळखायला कुणाला लेख लागत नाही’ असा टोलाही हाणलाय.

टोला तुमच्यावरच उलटतो, बरं का. आपला गावकावळा आणि डोमकावळा दोघंही कॉर्व्हस या एकाच जीनसमधले, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातले. सेरिएमांचे जीनसच दोन आहेत: लाल पायांचा कारियामा, काळ्या पायांचा चुंगा. अख्ख्या कुळात आज जिवंत आहेत ते एवढे दोघंच.

आता रंगाचं. रंग ही नुसती पाटी. खरा फरक आहे तो कुणाला कसली जमीन चालते यात. लाल पायांचा मोकळ्या रानाचा पक्षी. ब्राझीलचा सेराडो, म्हणजे गवत आणि विरळ झाडं, हे त्याचं खास घर. शिवाय ईशान्येकडची काटेरी काटिंगा, पॅराग्वे, उरुग्वे, उत्तर अर्जेंटिना. काळ्या पायांचा आकाराने थोडा लहान, रंगाने राखाडी, आणि त्याचा पसारा जवळजवळ ग्रान चाको या कोरड्या, काटेरी जंगलापुरता: बोलिव्हियाचा आग्नेय कोपरा, पॅराग्वेचा पश्चिम भाग आणि अर्जेंटिनाचा उत्तर भाग. त्याला झाडी लागते.

म्हणून कुऱ्हाड चालली की दोघांचं नशीब वळतं ते वेगवेगळ्या दिशांना. आग्नेय ब्राझीलमध्ये अटलांटिक जंगल तुटून कुरणं झाली, तिथे लाल पायांचा सेरिएमा नव्याने शिरला. उलट चाकोत गेल्या काही दशकांत सोयाबीन आणि गुरांच्या चराईसाठी प्रचंड रान साफ झालं, आणि ते चुंगाचं रान होतं. दोघंही आज ‘धोक्यात नाही’ याच यादीत आहेत, हे खरं. पण दोघांना एकच पक्षी मानून मोजलंत, तर एकाच्या वाढीखाली दुसऱ्याची घट बेमालूम झाकली जाईल. रिकामा उद्योग म्हणालात ना, तो एवढ्यासाठी करायचा असतो.

नात्याबद्दल. माळढोकासारखा दिसतो हे मान्य. जुन्या वर्गीकरणातही सेरिएमाला क्रौंच-माळढोकांच्या गोतावळ्यातच बसवलं होतं. २००८ साली पक्ष्यांच्या डीएनएवरचा मोठा अभ्यास ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात आला आणि सेरिएमा जाऊन बसला ससाणे, पोपट आणि चिमण्या-बुलबुलांच्या फांदीवर. २०१४ मध्ये ४८ जातींच्या पक्ष्यांचे पूर्ण जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, तपासले, तेव्हाही तो तिथेच राहिला. लांब पाय ही उघड्यावर चालून शिकार करणाऱ्याची गरज. ते कुणालाही फुटू शकतात. सेक्रेटरी पक्षी गरुड-घारींच्या बाजूचा, आणि त्याचं कामही वेगळं: तो सापाला लाथांनी मारतो. सेरिएमा पाल, साप, उंदीर चोचीत धरून जमिनीवर आपटतो. प्राणिसंग्रहालयात रबरी सरडा दिला तरी त्यालाही सोडत नाहीत! पायाच्या दुसऱ्या बोटाची वाकडी नखी दोघाही सेरिएमांना असते.

खरी सनसनाटी तर मी लेखात आवरती घेतली होती. सेरिएमांचे सर्वांत जवळचे आप्त म्हणजे नामशेष झालेले ‘टेरर बर्ड’, म्हणजे न उडणारे, मांसाहारी, बहुतेक अवाढव्य पक्षी. अर्जेंटिनाचे जीवाश्म-अभ्यासक फ्लोरेंतिनो अमेगिनो यांनी १८८७ मध्ये त्यातल्या फोरुसराकोसचा जबडा वर्णिला तो सस्तन प्राण्याचा समजून. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या पातागोनियातला केलेन्केन हाही त्यातलाच, आणि त्याची नुसती कवटी ७१ सेंटीमीटर भरते. या पक्ष्याला हे नाव २००७ मध्ये मिळालं.

राहिला पाय न दिसणारा फोटो. चोच बघा. लाल पायांच्याची चोचही लाल, आणि तिच्या बुडाशी कपाळावर पिसांचा उभा, पसरट तुरा असतो. तो लांबूनही लपत नाही. चुंगाची चोच काळपट, तुरा अगदी आखूड, नसल्यासारखाच. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही फोटोंत तुरा स्पष्ट आहे, म्हणजे दोन्ही लाल पायांचेच.