आईने दोन दिवस खराटा उचलला नाही

आज सकाळी सोसायटीच्या मागच्या कुंपणालगत साठलेला आंब्याचा आणि कांचनाचा पालापाचोळा ढीग करून पेटवलेला पाहिला आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. मे संपत आला आहे. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढलेले नवरंग पक्षी पावसाच्या तोंडावर विणीसाठी आपल्याकडे परततात आणि नेमक्या याच दिवसांत आपण त्यांचे ताट जाळून टाकतो.

मी सातवीत असताना, जूनच्या पहिल्या पावसानंतर, कोथरूडच्या आमच्या जुन्या घराच्या परसात असाच एक नवरंग उतरला होता. हिरवी पाठ, पंखावर चकाकता निळा डाग, डोळ्यावरून काळी पट्टी आणि पोटाखाली कुंकवासारखा लाल रंग. रात्रीच्या प्रवासाने तो इतका दमला होता, की आम्ही दारात उभे राहिलो तरी उडाला नाही. आंब्याखाली टुणटुण उड्या मारत, चोचीने एकेक वाळके पान उलटून तो किडे वेचत राहिला. अंगण झाडल्याशिवाय चहा न घेणाऱ्या माझ्या आईने ते दोन दिवस खराटा हातात घेतला नाही.

एवढे रंग अंगावर असूनही हा पक्षी आयुष्याचा मोठा भाग झुडपांखालच्या सावलीत, जमिनीवर काढतो. त्याचे गोल, बाजूला तोंड असलेले घरटेही गवताचे आणि वाळक्या पानांचेच असते. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो दोन सुरांची शीळ घालतो, म्हणून तमिळमध्ये त्याला ‘सहाचा पक्षी’ अशा अर्थाचे नाव आहे. आपल्याला मात्र पाचोळा म्हणजे घाण वाटते, खाली पेव्हर ब्लॉक हवे असतात आणि टेकडीवर स्वच्छतेला गेलो तरी प्लॅस्टिकबरोबर पानेही पोत्यात भरली जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घातली, पण पाचोळ्याला काडी लावताना ती कोणाला आठवते?

पाचोळ्यात साप असू शकतो, हे मान्य आहे. जाण्यायेण्याची वाट जरूर झाडावी.

ज्यांनी काडी लावली त्या माळीदादांवर माझा राग नाही. सभेत ‘परिसर चकाचक हवा’ म्हणून हात वर करणाऱ्यांत मीही होतो, आणि तेव्हा मला आईचा तो भिंतीला टेकवून ठेवलेला खराटा आठवला नाही, याचे वाईट वाटते. दुपारी माळीदादांशी बोललो. न जळालेली दोन पोती पाने आम्ही दोघांनी पुन्हा आंब्याखाली पसरली आहेत. तुमच्याकडेही या आठवड्यात झाडलोट व्हायची असेल, तर झाडांखालचा एखादा कोपरा पावसाळा संपेपर्यंत तसाच राहू द्यावा, एवढी विनंती आहे.