डावीकडे ओढते

काल सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी उकिडवा बसलो होतो आणि माझी गाडी डावीकडे ओढत होती. गाडी रिमोटची, १:१० मापाची. "मुलाची का?" असं ज्यांना विचारायचंय त्यांनी विचारून घ्या. मुलगा बंगळुरूला नोकरी करतो.

तीन आठवडे मी या ओढीच्या मागे लागलोय. आधी रिमोटवरची ट्रिम, म्हणजे चाकं सरळ जुळवायची कळ, फिरवली. मग सर्व्होचा, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचा, हात काढून पुन्हा बसवला. त्याच्या आसावर २५ दाते. एक दाता सरकला की हात १४.४ अंश फिरतो. मला हवे होते चार अंश. मग टायरॉड, म्हणजे चाकाला वळवणारी दांडी. त्याच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे न काढता, जागच्या जागी पिळून तो लांब-आखूड करता येतो. ज्याला हे सुचलं त्याला माझा नमस्कार. पुढची चाकं किंचित फेंगडी ठेवली की गाडी वळायला चटपटीत होते, पण सरळ जाताना झिंगते. आत वळवली की सरळ जाते आणि वळणावर कुरकुरते. हा अर्ध्या अंशाचा तंटा मी रात्री एक वाजता जेवणाच्या टेबलावर, मुलाच्या जुन्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने सोडवत होतो. बायको पाणी प्यायला उठली, बघितलं, काही न बोलता गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

तर काल. सोसायटीचे खजिनदार काका दुधाची पिशवी घेऊन येत होते. थांबले.

"हवा बघितली का?"

"हवा नसते काका यात. टायरच्या आत फोम असतो."

"तरीच."

"तरीच म्हणजे?"

"हवा बघावी माणसाने. आमच्या पद्मिनीची मी दर रविवारी बघायचो. चारदा कोल्हापूरला नेली, एकदा डावीकडे गेली नाही."

"घाटातसुद्धा नाही?"

"घाटात वळायचंच असतं. मी सरळ रस्त्याचं बोलतोय." दुधाची पिशवी त्यांनी माझ्या टूलबॉक्सवर ठेवली. म्हणजे मुक्काम. वॉचमन आला. बी विंगमधला सायकलवाला पोरगा आला. "आता तिकडून इकडे आणा," काका म्हणाले.

आणली. गाडी उजवीकडे गेली.

"परत न्या." डावीकडे.

"आणा." उजवीकडे. पोरगा हसला. दोन्ही वेळा गाडी कोपऱ्यातल्या चेंबरच्या झाकणाकडेच निघाली होती, हे मला त्याच्यानंतर कळलं.

"उतार आहे हो," काका शांतपणे म्हणाले. "पावसाचं पाणी चेंबरकडे जावं म्हणून. ट्रिमिक्सचं काँक्रीट करताना मी स्वतः उभा होतो."

तीन आठवडे! पंचवीस दाते, टायरॉड, कोनमापक, बायकोचं ते न बोलणं. गाडीचं काही बिघडलेलंच नव्हतं; आता मात्र सपाट जागेवर ती नक्की उजवीकडे ओढणार, कारण तेवढं मी करून ठेवलंय.

पण मला खरा राग त्याचा नाही. हा जो उतार आहे, तो माझ्या दीड किलोच्या गाडीला दिसतो. पाण्याला का दिसत नाही? दर जुलैत माझी स्कूटर घोटाभर पाण्यात उभी असते, चेंबरपासून सहा पावलांवर. दोन अर्ज दिलेत. मेंटेनन्स मात्र वाढला. हे मी काकांना तिथेच विचारलं, वॉचमनसमोर.

"तुमची स्कूटर खड्ड्यात लागते," ते म्हणाले.

खड्डा का आहे, हे विचारायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात त्यांनी पिशवी उचलली. मी सूर बदलून गच्चीची किल्ली मागितली. म्हटलं, तिथे सपाटीवर सगळं पहिल्यापासून लावतो.

"गच्चीलाही उतार आहे," काका म्हणाले. "तेव्हाही मीच उभा होतो."

किल्ली दिली नाहीच.